उष्ण गाठ आणि थंड गाठ
(एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला)

मी कला शाखेची विद्यार्थिनी आहे. मराठी आणि इतिहास हे माझे विषय. तेव्हा शरीरातील एका ग्रंथीच्या रोगावर मी लेख लिहावा हा पुष्कळांना आगाऊपणा वाटेल, याची मला जाणीव आहे. परंतु हा विषय माझ्यापुढे आला तो घरातून. माझ्या आईच्या गळ्यात दोन गाठी निघाल्या. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. अण्णा सातवीपर्यंत शिकले, आई चौथीपर्यंत. त्यामुळे दवाखान्यातून येणारा प्रत्येक इंग्रजी कागद वाचून त्याचा अर्थ सांगण्याचे काम माझ्याकडे आले. त्या कामात माझ्याकडून एका शब्दाचा अर्थ चुकला. शब्द अगदी साधा होता. पहिलीतल्या मुलालाही तो येतो. त्या चुकीपायी आमचे आठ महिने गेले.

अवटू ग्रंथीचे काम वाढले असेल, तर तेथे कर्करोग नसतो, असा एक समज सर्वत्र आढळतो. तो बऱ्याच अंशी खरा आहे. परंतु पूर्णांशाने खरा नाही. या 'बऱ्याच अंशी' आणि 'पूर्णांशाने' यांमधील अंतर किती महत्त्वाचे आहे, ते सांगण्यासाठी हे टिपण लिहीत आहे.

दुखण्याची सुरुवात

मी त्या वेळी बारावीत होते. आईचे वजन उतरू लागले. भूक मात्र वाढली होती. दोन भाकरी खाणारी बाई तीन खाऊ लागली, तरी गालफडे बसत चालली. थंडीच्या दिवसांतही तिला घाम येई. सुईत दोरा ओवताना हात थरथरत. रात्री झोप लागत नसे आणि छातीत धडधडे. लहानसहान कारणावरून ती आम्हां भावंडांवर चिडू लागली, आणि मग स्वतःच रडू लागे. आजीने निदान केले, "उष्णता वाढली." मग धण्याजिऱ्याचे पाणी झाले, सब्जा झाला, गुलकंद झाला. शेजारच्या काकूंनी दृष्टही काढली.

अण्णा साखर कारखान्यात हंगामी कामगार आहेत. गळीत हंगाम संपल्यावर हातात चार पैसे आले, तेव्हा आईला तालुक्याच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी आईला पाणी गिळायला सांगून गळ्याकडे निरखून पाहिले. गिळताना गळ्याच्या उजव्या बाजूला लिंबाएवढा फुगवटा वर-खाली होत होता. इतके दिवस आम्ही सारे तिच्यासमोर जेवायला बसत होतो, पण तो कोणालाच दिसला नव्हता.

ग्रंथी आणि तिचे काम

स्वरयंत्राच्या खाली, श्वासनलिकेच्या पुढील बाजूस अवटू ग्रंथी असते. आकार फुलपाखरासारखा, वजन साधारण १५ ते २५ ग्रॅम. अन्नातील आयोडीन रक्तातून वेचून घेणे आणि त्यापासून दोन संप्रेरके तयार करणे, हे तिचे काम. त्यांपैकी एका संप्रेरकाच्या रेणूत आयोडीनचे चार अणू असतात, दुसऱ्यात तीन. म्हणून त्यांना टी-४ आणि टी-३ म्हणतात. टी-४ म्हणजेच थायरॉक्सिन. ते एडवर्ड केंडॉल यांनी अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये १९१४ च्या नाताळच्या दिवशी शुद्ध स्वरूपात वेगळे केले. शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशी किती वेगाने काम करील, हे या संप्रेरकांवर अवलंबून असते. ती जास्त झाली की शरीराची भट्टी जोरात पेटते. माणूस खातो आणि वाळतो. तेव्हा आजीचे "उष्णता वाढली" हे निदान अगदीच चुकीचे नव्हते. फक्त ती उष्णता सब्जाने निवणारी नव्हती.

या ग्रंथीवर मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीची देखरेख असते. पीयूषिका टीएसएच नावाचे संप्रेरक पाठवते आणि त्याच्या हुकुमाने अवटू ग्रंथी काम करते. रक्तात थायरॉक्सिन पुरेसे झाले की टीएसएच कमी होते आणि ग्रंथी आवरते घेते. परंतु कधी कधी ग्रंथीतील एखादी गाठ या हुकुमाला जुमानत नाही. विहिरीवरच्या मोटारीचे बटण चालू स्थितीतच अडकून बसावे आणि मोटार रात्रंदिवस पाणी फेकत राहावी, तसे तिचे होते. हुकूम स्वीकारणारा जो घटक पेशीवर असतो, त्याच्या जनुकात बदल झाल्यामुळे हे घडते, असे १९९३ मध्ये दिसून आले. गाठींमुळे होणारा हा रोग ग्रेव्हज रोगाहून निराळा आहे, हे मेयो क्लिनिकमधील डॉ. हेन्री प्लमर यांनी १९१३ मध्येच दाखवून दिले होते. आहारात वर्षानुवर्षे आयोडीन कमी पडले, तर ग्रंथी वाढते, तिच्यात गाठी होतात आणि उतारवयात त्यांतील काही अशा बेबंद होतात.

आईचे टीएसएच जवळजवळ शून्यावर आले होते. सोनोग्राफीत उजवीकडे तीन सेंटिमीटरची आणि डावीकडे दीड सेंटिमीटरची, अशा दोन गाठी दिसल्या. स्कॅनसाठी आम्हांला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवण्यात आले.

उष्ण आणि थंड

या स्कॅनमध्ये रुग्णाला अत्यल्प प्रमाणात किरणोत्सारी द्रव्य देतात. बहुधा टेक्नेशियम, क्वचित आयोडीन. अवटू ग्रंथी ते शोषून घेते आणि गॅमा कॅमेरा त्यातून निघणाऱ्या किरणांचे चित्र काढतो. जी गाठ खूप काम करते ती जास्त द्रव्य घेते आणि चित्रात ठळक दिसते. तिला डॉक्टर 'हॉट' म्हणतात. जी काम करत नाही ती द्रव्य घेत नाही. तिच्या जागी चित्रात पोकळी दिसते. तिला 'कोल्ड' म्हणतात. या शब्दांचा तापमानाशी काही संबंध नाही. हात लावून पाहिल्यास दोन्ही गाठी सारख्याच लागतात. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना मात्र हे स्कॅन करू नये, इतके येथे नमूद करते.

कर्करोगाच्या पेशी बहुधा आपले मूळ काम विसरतात. आयोडीन वेचण्याची आणि संप्रेरक बनवण्याची त्यांची शक्ती निरोगी पेशींपेक्षा कमी होते. म्हणून कर्करोगाची गाठ स्कॅनमध्ये साधारणतः 'थंड' दिसते, आणि 'उष्ण' गाठीत कर्करोग क्वचितच सापडतो. आणखी एक कारण सांगतात. टीएसएच हे केवळ हुकूम देत नाही, ते पेशींच्या वाढीलाही चालना देते. उष्ण गाठीमुळे ते खाली गेलेले असते, म्हणजे कर्करोगाचे खतपाणीच तुटते. या दोन गोष्टींवरून 'काम वाढले आहे, म्हणजे कर्करोग नाही' हा समज रूढ झाला.

माझी चूक

आमचा अहवाल आला. उजवी गाठ 'हॉट' होती, डावी 'कोल्ड'. अहवालाच्या शेवटच्या ओळीत डाव्या गाठीची सुईने तपासणी करावी असे सुचवले होते. डॉक्टरांनी पहिली ओळ वाचली, आईची नाडी पाहिली आणि म्हणाले, "काम वाढलेलं आहे, कॅन्सरची भीती नाही. गोळ्या सुरू करा." कार्बिमाझोलच्या गोळ्या आणि धडधडीवर एक गोळी लिहून दिली. बाहेर पन्नास माणसे ताटकळत होती.

घरी आल्यावर मी शब्दकोश घेऊन तो कागद वाचायला बसले. कोल्ड म्हणजे थंड, शीत, गार. मी आईला सांगितले, "उजवी गाठ गरम आहे, तिच्यावर औषध चालू आहे. डावी थंड आहे. तिला सुईने तपासा म्हणतात."

आई म्हणाली, "थंड आहे ना बाळा, मग असू दे की. तिला कशाला टोचून जागी करायची?"

मला ते पटले. आपल्या बोलण्यात 'उष्ण' म्हणजे बाधणारे आणि 'थंड' म्हणजे मानवणारे. जे गरम आहे ते दुखणे, जे थंड आहे ते बरे, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्या सवयीनेच मी तो शब्द वाचला. आणि गोळ्यांनी गुणही आला. दोन महिन्यांत हात थरथरायचे थांबले, झोप लागू लागली, अंग भरले. आई पुन्हा पूर्वीसारखी हसू लागली. सुईची ओळ कागदात राहिली आणि कागद ट्रंकेत.

आठ महिन्यांनी आईच्या गळ्याच्या डाव्या बाजूला, कानाच्या खाली एक टणक अवधाण लागले. यावेळी आम्ही शहरातील मोठ्या रुग्णालयात गेलो. तेथील तरुण डॉक्टरीणबाईंनी जुने कागद शांतपणे वाचले आणि विचारले, "हे कोणी वाचलं होतं का?" मी मान खाली घालून "हो" म्हटले. तेव्हा त्यांनी सांगितले, "इथे थंड म्हणजे काम न करणारी. काम न करणारी गाठच आधी तपासायची असते." सुईच्या तपासणीत पॅपिलरी जातीचा कर्करोग निघाला. उजवी गाठ निर्दोष होती.

एकाच गळ्यात दोन रोग

त्यानंतर मला जे वाचता आले आणि विचारता आले, त्यावरून असे समजले की हे दोन रोग तीन प्रकारे एकत्र येतात.

पहिला प्रकार आईचा. एक गाठ उष्ण, आणि कर्करोग दुसऱ्याच गाठीत किंवा ग्रंथीच्या दुसऱ्या भागात. हाच प्रकार जास्त आढळतो. येथे दोन रोगांत कार्यकारणभाव असतोच असे नाही. एका वाड्यात दोन बिऱ्हाडे असावीत तसे ते असतात. कित्येकदा हा कर्करोग एक सेंटिमीटरहूनही लहान असतो. एवढी बारीक गाठ स्कॅनच्या चित्रात उमटत नाही आणि गलगंड काढल्यावर सूक्ष्मदर्शकाखालीच सापडते.

दुसरा प्रकार म्हणजे उष्ण गाठीतच कर्करोग. हा दुर्मीळ आहे. एकच उष्ण गाठ असलेल्या ज्या रुग्णांवर शस्त्रक्रिया झाल्या, त्यांत शंभरात तिघांच्या आसपास कर्करोग सापडल्याचा एक अंदाज आहे. परंतु शस्त्रक्रिया सर्वांवर होत नाही. ज्यांच्याविषयी काही शंका असते त्यांच्यावर ती अधिक होते. म्हणून सर्व उष्ण गाठींना हे प्रमाण लावता येणार नाही.

तिसरा प्रकार सर्वांत विलक्षण. यात कर्करोग स्वतःच संप्रेरक बनवतो. न्यूयॉर्कच्या माँटिफिओर रुग्णालयात असा एक रुग्ण आला होता. त्याची अवटू ग्रंथी वीसएक वर्षांपूर्वीच काढून टाकलेली होती. तरीही त्याला अवटूचे काम वाढल्याची सारी लक्षणे होती. ग्रंथीच नाही, मग थायरॉक्सिन येते कोठून? शोधाअंती कळले की ग्रंथीतील कर्करोग शरीरात अन्यत्र पसरला होता आणि त्या पसरलेल्या गाठीच ग्रंथीचे काम करीत होत्या. त्या आयोडीन शोषत होत्या, म्हणून डॉ. सॅम्युएल साइडलिन यांनी १९४३ मध्ये त्याला किरणोत्सारी आयोडीन दिले. रोगाने आयोडीन घेतले आणि त्या आयोडीननेच रोगावर मारा केला. हा वृत्तांत १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. अवटूच्या कर्करोगावर आज जी आयोडीन-चिकित्सा होते, तिचा आरंभ अशा एका अपवादातून झाला आहे. नियमाला अपवाद म्हणून त्या रुग्णाकडे दुर्लक्ष झाले असते, तर?

तपासणीचा क्रम

गळ्यात गाठ लागली की प्रथम रक्तातील टीएसएच पाहतात आणि सोनोग्राफी करतात. टीएसएच कमी असेल तर स्कॅन करतात. गाठ उष्ण असेल तर तिला सहसा सुई लावावी लागत नाही. परंतु तिच्या शेजारी थंड गाठ असेल, तर ती एकटी असती तर जशी तपासली असती तशीच तपासावयाची. सोनोग्राफीत गाठ काळसर दिसणे, कडा वेड्यावाकड्या असणे, आत चुन्याचे बारीक कण असणे, रुंदीपेक्षा उंची जास्त असणे, ही संशयाची लक्षणे होत. गाठ दगडासारखी टणक असणे, झपाट्याने वाढणे, आवाज बसणे, गळ्याच्या बाजूला अवधाण येणे, ही आपल्यालाही कळू शकणारी लक्षणे. सुईने काढलेल्या पेशींचा अहवाल सहा वर्गांत देण्याची बेथेस्डा पद्धत आज सर्वत्र रूढ आहे. दुसरा वर्ग निर्दोष, सहावा कर्करोगाचा. मधले वर्ग कमीअधिक संशयाचे.

हा क्रम उपचारापूर्वी पुरा होणे आवश्यक आहे, कारण त्यावर उपचाराची निवड अवलंबून असते. केवळ उष्ण गाठ असेल तर गोळ्या, किरणोत्सारी आयोडीन किंवा शस्त्रक्रिया, असे मार्ग असतात. शेजारी कर्करोग असेल तर शस्त्रक्रिया हाच मुख्य मार्ग राहतो. गोळ्यांनी धडधड थांबते, कर्करोग थांबत नाही. उलट, धडधड थांबल्यामुळे रुग्ण निर्धास्त होतो. आमच्या घरी नेमके हेच झाले.

दुसरी बाजू

एवढे वाचून कोणी घाबरून जाऊ नये, म्हणून दुसरी बाजूही मांडली पाहिजे. थंड गाठ म्हणजे कर्करोग, असेही नाही. अवटूच्या गाठींपैकी बहुसंख्य निर्दोष असतात. कर्करोगाचे प्रमाण सर्वसाधारणपणे शंभरात ५ ते १५ इतके सांगतात. फिनलंडमध्ये १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १०१ शवविच्छेदनांपैकी ३६ मध्ये अवटू ग्रंथीत पॅपिलरी कर्करोगाचे बारीक ठिपके सापडले. ती माणसे त्या ठिपक्यांसह जगली होती. दक्षिण कोरियात सोनोग्राफीने सरसकट तपासण्या होऊ लागल्यावर २०११ मध्ये अवटूच्या कर्करोगाची नोंद १९९३ च्या पंधरा पट झाली. परंतु त्या रोगाने होणारे मृत्यू होते तेवढेच राहिले. म्हणजे न शोधले तरी चालले असते असे पुष्कळ कर्करोग शोधले गेले, आणि त्यांपायी शस्त्रक्रियाही झाल्या.

म्हणून प्रत्येकाने उठून गळ्याची सोनोग्राफी करून घ्यावी, असे माझे म्हणणे नाही. जी गाठ दिसली आहे आणि जिच्याविषयी कागदावर सूचना लिहिली आहे, ती सूचना एका दिलासादायक शब्दाखाली दडपली जाऊ नये, इतकेच म्हणणे आहे.

समारोप

आईची संपूर्ण अवटू ग्रंथी आणि डाव्या बाजूची अवधाणे काढण्यात आली. शस्त्रक्रियेपूर्वी गोळ्यांनी ग्रंथीचे काम आटोक्यात आणावे लागले, कारण तसे न करता शस्त्रक्रिया केल्यास जिवाला धोका असतो. हीच शस्त्रक्रिया पूर्वी फार प्राणघातक समजली जात असे. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील शल्यविशारद थिओडोर कोखर यांनी ती इतकी सुरक्षित केली की त्यांच्या हातून होणारे मृत्यू शंभरात एकाहूनही कमी झाले. १९०९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे आईला किरणोत्सारी आयोडीनही देण्यात आले. त्यासाठी काही दिवस तिला एकटीला खोलीत राहावे लागले. "एवढी विश्रांती मला लग्न झाल्यापासून मिळाली नव्हती," असे ती म्हणाली. आता रोज पहाटे अनशापोटी ती थायरॉक्सिनची एक गोळी घेते आणि नंतर अर्धा तास चहाची वाट पाहते.

त्या आठ महिन्यांनी काय बिघडले, हा प्रश्न मी डॉक्टरीणबाईंना विचारला होता. त्या म्हणाल्या, "हा रोग सावकाश वाढतो. स्वतःला बोल लावून घेऊ नकोस." त्यांनी मोठ्या मनाने तसे म्हटले. तरीही तो कागद मी ट्रंकेतून काढून माझ्या वहीत ठेवला आहे.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड यांचे वर्णन एकाच अध्यायात केलेले आहे. गलगंड आणि अर्बुद शेजारी शेजारी ठेवणाऱ्या त्या जुन्या वैद्याकडे स्कॅन नव्हते, सुई नव्हती. पण शेजारी काय आहे ते पाहावे, ही दृष्टी त्या मांडणीत मला दिसते.

आम्ही कला शाखेचे विद्यार्थी शब्दांचा अभ्यास करतो. एकच शब्द व्याकरणात एक अर्थ सांगतो, व्यवहारात दुसरा आणि शास्त्रात तिसरा, हे आम्ही परीक्षेत लिहितो आणि गुण मिळवतो. माझ्यासारखी अनेक मुलेमुली या महाविद्यालयात आहेत, ज्यांच्या घरी इंग्रजी कागद वाचणारे ती एकटीच आहेत. सातबारा, बँकेची नोटीस, दवाखान्याचा अहवाल, सारे त्यांच्याच हाती येते. त्यांना माझी एकच विनंती आहे. शब्द ओळखीचा वाटला तरी ज्याने तो लिहिला त्याला अर्थ विचारा. बाहेर पन्नास माणसे ताटकळत असली, तरी विचारा.